जवसाचा फुलोरा आणि दिवसमान



रब्बी हंगामात पूर्व विदर्भात शिवारफेरीला गेले की एक प्रश्न हमखास विचारला जातो. "सर, बियाणे एकाच थैलीतले, खत सारखेच, जमीन बांधाला बांध लागून. शेजाऱ्याचे जवस मांडीला लागते आणि फांद्यांनी भरलेले आहे. माझे मात्र गुडघ्यालाही पोचत नाही आणि तरी फुलावर आले. युरियाचा हात देऊ का?" चौकशी केली की उत्तर पेरणीच्या तारखेत सापडते. शेजाऱ्याने सोयाबीन निघताच ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पेरलेले असते, तर विचारणाऱ्याने उशिरा निघणाऱ्या धानाच्या बांधीत डिसेंबर उजाडल्यावर. गेलेले दिवस युरियाने परत येत नाहीत. हा नुसताच उशिराचा प्रश्न नाही. जवसाचे झाड केव्हा फुलावे हे कशावरून ठरवते, तो हा प्रश्न आहे. ते समजले तर पेरणीची तारीख आणि वाणाची निवड या दोन्ही गोष्टी आपण जाणतेपणाने ठरवू शकाल.

दिवसमान म्हणजे काय?

सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या काळाला आपण दिवसमान म्हणतो. पाऊस एका वर्षी लवकर येतो, एका वर्षी उशिरा. थंडीही कमीजास्त होते. दिवसमान मात्र दरवर्षी त्या तारखेला तेवढेच असते. म्हणून वनस्पतींनी ऋतू ओळखण्यासाठी निसर्गातील हे सर्वांत भरवशाचे घड्याळ निवडले आहे.

अमेरिकेच्या कृषी खात्यातील गार्नर व ॲलार्ड या दोन शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये ही गोष्ट जगापुढे मांडली. तंबाखूचा 'मेरिलँड मॅमथ' नावाचा एक वाण उन्हाळाभर नुसता उंच वाढत असे, फुलत नसे. त्यांनी ही झाडे रोज ठरावीक वेळ अंधाऱ्या खोलीत ठेवून दिवस लहान केला, तेव्हा ती भर उन्हाळ्यात फुलली. पुढे १९३८ मध्ये हॅमनर व बॉनर यांनी एका तणावर प्रयोग करून दाखवले की, झाड खरे तर रात्रीची सलग लांबी मोजते. लांब रात्रीच्या मध्ये थोडा वेळ जरी प्रकाश दिला तरी रात्र 'मोडते' आणि झाडाचा हिशेब बदलतो. शेवंतीच्या मळ्यात रात्री दिवे लावलेले आपण पाहिले असतील. शेवंती लहान दिवसांत फुलते, म्हणून बाजाराच्या सोयीने फूल लांबवण्यासाठी दिव्याने रात्र मोडली जाते.

हे मोजण्याचे काम पाने करतात. पानांत फायटोक्रोम नावाचे रंगद्रव्य असते. तांबड्या प्रकाशात त्याचे रूप बदलते आणि अंधारात ते हळूहळू मूळ रूपाकडे परत जाते. रात्र किती मोठी होती याची जाणीव झाडाला त्यावरून होते. रात्रीची लांबी अनुकूल असली की पाने फुलोऱ्याचा निरोप शेंड्याकडे पाठवतात. मग जो शेंडा आतापर्यंत पाने तयार करीत होता, तोच कळ्या तयार करू लागतो.

पिकांचे तीन वर्ग

या दृष्टीने पिकांचे ढोबळमानाने तीन वर्ग पडतात.

१) लहान दिवसांची पिके : दिवस लहान होऊ लागले की ही फुलतात. जुने गावरान धान, ज्वारी, सोयाबीन, तूर, अंबाडी ही त्यांची उदाहरणे. सोयाबीन उशिरा पेरले की झाड बुटके राहून लवकर फुलते, किंवा सप्टेंबरात पेरलेली तूर खरिपातल्या तुरीएवढी वाढत नाही, हा आपला अनुभव आहेच.

२) मोठ्या दिवसांची पिके : दिवस जितका मोठा तितकी ही लवकर फुलतात. गहू, सातू, मोहरी, हरभरा, पालक आणि आपले जवस या वर्गात मोडते.

३) दिवसमानाशी फारसे देणेघेणे नसलेली पिके : उदाहरणार्थ टोमॅटो.

इथे एक शंका येईल. जवस मोठ्या दिवसांचे पीक असेल तर ते आपण हिवाळ्यातल्या लहान दिवसांत कसे काय पिकवतो? याचे उत्तर असे की, मोठ्या दिवसांच्या पिकांतही दोन प्रकार आहेत. काहींना ठरावीक तासांचा दिवस मिळाल्याशिवाय फूल येतच नाही. जवस तसे हटवादी नाही. दिवस मोठा मिळाला तर ते घाईने फुलते आणि लहान मिळाला तर उशिरा, पण फुलते. म्हणजेच लहान दिवस जवसाचा फुलोरा रोखत नाही, लांबवतो. शेतकऱ्याचा फायदा-तोटा या 'लांबवण्यात'च दडलेला आहे.

लांबलेला फुलोरा का हवा?

शेंडा कळीकडे वळेपर्यंत झाड पाने व फांद्या तयार करते. या काळाला शाखीय वाढीचा काळ म्हणतात. तो पुरेसा मिळाला तर बुडातून व शेंड्याला फांद्या फुटतात. जेवढ्या फांद्या तेवढी बोंडे. जवसाच्या एका बोंडात पाच कप्पे आणि प्रत्येकात दोन, म्हणजे जास्तीत जास्त दहाच बिया असतात. बोंडातील बियांची संख्या आपण वाढवू शकत नाही. उत्पादन वाढवायचे तर झाडावरील बोंडांची संख्या वाढायला हवी, आणि ती फांद्यांवर अवलंबून आहे.

फुलोरा फार लवकर आला तर सांगाडाच लहान राहतो. तो फार लांबला तर बोंडे भरण्याचा काळ उन्हाळ्यात जातो. म्हणजे फुलोरा योग्य वेळी येणे, ना आधी ना नंतर, हेच जवसाच्या उत्पादनाचे मर्म होय.

आपल्याकडचे दिवसमान

नागपूरच्या अक्षांशावर (सुमारे २१ अंश उत्तर) दिवसमान साधारणपणे पुढीलप्रमाणे असते.

१५ ऑक्टोबर : ११ तास ४० मिनिटे
१ नोव्हेंबर : ११ तास २० मिनिटे
१५ नोव्हेंबर : ११ तास ८ मिनिटे
२२ डिसेंबर : १० तास ५० मिनिटे (वर्षातील सर्वांत लहान दिवस)
१५ जानेवारी : १० तास ५८ मिनिटे
१५ फेब्रुवारी : ११ तास २७ मिनिटे
२१ मार्च : १२ तास ७ मिनिटे

लातूरकडे हिवाळ्यातला दिवस याहून दहाएक मिनिटांनी मोठा असतो, एवढाच फरक. संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने वाढतो असे आपण म्हणतो, ते या आकड्यांतही दिसते. २२ डिसेंबर ते १५ जानेवारी या काळात दिवस जेमतेम आठ मिनिटांनी वाढतो. त्यानंतर मात्र वाढीला वेग येतो.

आता युरोपकडे पाहू. फ्रान्सच्या नॉर्मंडी भागापासून बेल्जियमपर्यंतचा पट्टा तागाच्या धाग्यासारखा, पण त्याहून तलम असा जवसाचा धागा पिकवण्यासाठी प्रसिद्ध आहे. लिननचे कापड याच धाग्याचे. तिकडे पेरणी मार्च-एप्रिलमध्ये होते, तेव्हा दिवस बारा-तेरा तासांचा असतो. जूनमध्ये पीक फुलते, तेव्हा तो सोळा तासांच्या वर गेलेला असतो. म्हणजे त्यांचे जवस वाढत्या दिवसांत वाढते, तर आपले ऑक्टोबरचे जवस घटत्या दिवसांत. त्यांच्याकडे दिवस पिकाला फुलोऱ्याकडे ढकलतो आणि आपल्याकडे तो मागे धरून ठेवतो. दोन्हीकडे पीक एकच, पण घड्याळ उलट्या दिशेने चालते.

हजारो वर्षांच्या निवडीने दोन्हीकडचे वाण आपापल्या घड्याळाशी जुळले आहेत. जवसाची शेती पश्चिम आशियातून उत्तरेकडे युरोपात गेली, तेव्हा तिथल्या दिवसमानाशी जुळवून घेताना झाडाची ठेवणही बदलली. फुलोऱ्याची वेळ आणि फांद्यांची रचना यांवर परिणाम करणारे एक जनुक त्यात कारणीभूत असल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दाखवण्यात आले. उत्तरेकडे उंच, सरळ आणि कमी फांद्यांचे धाग्याचे जवस पुढे आले. आपल्याकडे ठेंगणे, फांद्यांचे आणि तेलबियांचे जवस रुजले.

परदेशी बियाण्याचा मोह

अलीकडे जवसाच्या तेलातील ओमेगा-३ मुळे शहरी बाजारात जवसाला मागणी आहे. लिननच्या धाग्याचीही चर्चा होते. त्यामुळे कुणी परदेशी 'उंच' किंवा 'जास्त उत्पादनाचे' बियाणे आणून देतो म्हटले की मन चाळवते. अशा वेळी हे दिवसमानाचे गणित आठवावे. सोळा तासांच्या दिवसाला सरावलेला वाण आपण अकरा तासांच्या दिवसात पेरला तर त्याला फुलोऱ्याचा निरोप फार उशिरा मिळतो. झाड हिरवेगार दिसते, नुसते वाढत राहते आणि फुलावर येते तेव्हा उन्हाळा दाराशी आलेला असतो. जमिनीत ओल नसते, वारा गरम असतो, बोंडे पोचट राहतात. दोष बियाण्याचाही नाही आणि जमिनीचाही नाही. घड्याळ जुळले नाही, एवढेच.

थंड प्रदेशातील काही कांद्याच्या जाती आपल्याकडे नुसती पात वाढवतात आणि गड्डा धरत नाहीत, त्याचे कारणही तेच. उलट मेक्सिकोतून आलेला ठेंगणा गहू आपल्याकडे रुजला. डॉ. नॉर्मन बोरलॉग यांनी तो वेगवेगळ्या अक्षांशांच्या दोन ठिकाणी आलटून पालटून वाढवून निवडला होता. त्यामुळे दिवसमानाला फारशी दाद न देणारे वाण हाती आले. १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोतून १८ हजार टन गव्हाचे बियाणे मागवले आणि ते इथल्या लहान दिवसांतही वेळेवर निसवले. तात्पर्य, बाहेरचे बियाणे सरसकट वाईट नसते, पण ते इथल्या दिवसमानात पारखलेले हवे. नागपूरच्या कृषी महाविद्यालयातील जवस संशोधन केंद्रात हीच पारख होते. म्हणून एनएल-९७, मराठवाड्यासाठी लातूर जवस-९३ यांसारखे आपल्या भागासाठी शिफारस झालेले वाणच निवडावेत. नवीन वाणांची माहिती विद्यापीठाकडून घ्यावी. परदेशी वाण पाहायचाच असेल तर तो गुंठाभर जागेत पाहावा, पूर्ण शेतात नाही.

दिवसमानाला तापमानाची जोड

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. डिसेंबरात पेरलेले जवस बुटके का राहिले? दिवस तर डिसेंबरातही लहानच होता!

दिवसमान एकटे काम करीत नाही. उष्णता झाडाची सर्व कामे वेगाने उरकवते. ऑक्टोबरात पेरलेल्या जवसाला सुरुवातीला उबदार जमीन मिळते. उगवण झटपट होते, मुळे खोल जातात. तोवर दिवस लहान होत जातो, थंडी वाढत जाते आणि फुलोरा मागे धरला जातो. या अवधीत फांद्या फुटतात. डिसेंबरच्या सुमारास फूल येते, बोंडे डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत सावकाश भरतात आणि पीक जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत काढणीला येते.

डिसेंबरात पेरलेल्या जवसाचे सगळेच उलटे होते. उगवण थंडीत, म्हणून सुरुवातीची वाढ रेंगाळते. झाड सांगाडा उभारायला लागते न लागते तोच दिवस मोठा होऊ लागतो आणि ऊनही तापू लागते. मोठा होणारा दिवस आणि वाढते तापमान ही दोन्ही कारणे एकाच दिशेने ढकलतात. झाड घाईने फुलते. बोंडे फेब्रुवारी-मार्चमध्ये भरतात. नागपूरकडे मार्चमध्ये पारा ३५ अंशांच्या पुढे सरकतो. दाणा भरण्याच्या काळात उष्णता वाढली की दाणा बारीक राहतो, तेलाचे प्रमाण घटते आणि तेलातील ओमेगा-३, म्हणजे लिनोलेनिक आम्लही कमी होते. ज्या गुणासाठी आज गिऱ्हाईक जवस मागते, तोच गुण उशिराच्या पेरणीत उणावतो.

भरीस भर म्हणजे कळीमाशी. या माशीची अळी कळीच्या आत राहून आतील भाग खाते. अशी कळी उमलत नाही आणि बोंडही धरत नाही. उशिरा पेरलेल्या जवसात या किडीचा उपद्रव जास्त होतो, तर वेळेवर पेरलेले पीक बरेचसे त्यातून सुटते.

थोडक्यात, ढोबळमानाने असे लक्षात ठेवावे : कोणता वाण पेरावा हे दिवसमान ठरवते, आणि तो केव्हा पेरावा हे दिवसमान व तापमान मिळून ठरवतात.

पैरा पद्धतीचे शहाणपण

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली भागात उभ्या धानात जवस फेकून पेरण्याची उतेरा किंवा पैरा पद्धत पूर्वापार आहे. धान कापणीच्या साधारण पंधरवडा आधी, बांधीत ओल असताना बियाणे फोकले जाते. कापणीपर्यंत जवस उगवून आलेले असते. या पद्धतीकडे केवळ 'नांगरणी वाचवण्याची युक्ती' म्हणून पाहिले जाते. पण वरील विवेचनावरून लक्षात येईल की, तिचा मोठा लाभ वेळेचा आहे. धान कापून, बांधी वाळवून, मशागत करून पेरायचे तर तीन-चार आठवडे जातात. पैरा पद्धतीत तेवढे उबदार दिवस जवसाच्या पदरात पडतात. आपल्या वाडवडिलांना फायटोक्रोम ठाऊक नव्हते, पण तारखेचे मोल ठाऊक होते.

शेतकऱ्यांनी काय करावे?

१) कोरडवाहू जवसाची पेरणी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, ओल असतानाच उरकावी. ओलिताची सोय असल्यास नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत थांबता येते. त्यापुढे प्रत्येक आठवड्याचा उशीर महागात पडतो.

२) जवस घ्यायचे ठरले असेल तर त्याचा विचार जूनमध्येच करावा. आधीचे सोयाबीन किंवा धान लवकर निघणारे निवडावे. उशिरा निघणाऱ्या धानाच्या बांधीत पैरा पद्धतीच वापरावी.

३) ओळीतील पेरणीसाठी हेक्टरी २५ ते ३० किलो आणि पैरा पद्धतीत ३५ ते ४० किलो बियाणे वापरावे. दोन ओळींत ३० सें.मी. अंतर ठेवावे. नाइलाजाने उशीर झालाच तर झाडाला फांद्या कमी फुटणार हे गृहीत धरून ओळींतील अंतर थोडे कमी करावे, बियाणे थोडे वाढवावे आणि लवकर तयार होणारा वाण घ्यावा.

४) नत्र वेळेवर द्यावे. कोरडवाहू पिकाला सर्व खत पेरणीबरोबर द्यावे. ओलिताच्या पिकाला अर्धे नत्र पेरताना आणि उरलेले महिन्याभरात, फांद्या फुटण्याच्या काळात द्यावे. फूल लागल्यावर दिलेला युरिया फांद्या आणत नाही.

५) एकच पाणी देता येत असेल तर ते फुलोऱ्याच्या सुरुवातीला द्यावे. दुसरे शक्य असल्यास बोंडे भरताना द्यावे.

६) नोव्हेंबरही सरून गेला असेल तर जवसाचा हट्ट सोडावा. ओलीत असल्यास उशिरा पेरणीचा गहू किंवा पुढे उन्हाळी मूग, तीळ, भुईमूग यांचा विचार करावा.

घरच्या घरी करण्याजोगा प्रयोग

हे सर्व वाचून पटले नाही तर स्वतः पाहावे. ऑक्टोबरात सहा कुंड्यांत किंवा जुन्या डब्यांत एकच माती भरून एकाच वाणाचे जवस लावावे. दिवसा सर्व कुंड्या उन्हात शेजारी शेजारी ठेवाव्यात. सूर्यास्तानंतर तीन कुंड्या ओसरीत पिवळ्या प्रकाशाच्या साध्या बल्बखाली पाच तास ठेवाव्यात, उरलेल्या तीन पूर्ण अंधारात. बल्ब झाडापासून इतका दूर असावा की पाने तापणार नाहीत. रोज न चुकता हे करावे. बल्बखालच्या जवसाला सोळा-सतरा तासांचा 'दिवस' मिळतो आणि त्याला कळ्या आधी येतात. अंधारातले जवस मागाहून फुलते, पण त्याची पाने व फांद्या मोजून पाहाव्यात. आमचे विद्यार्थी हा प्रयोग करतात, तेव्हा पुस्तकातील चार पानांपेक्षा या सहा कुंड्या त्यांच्या जास्त लक्षात राहतात.

आणखी एक विनंती. घरच्या वहीत जवसाच्या तीन तारखा लिहून ठेवाव्यात : पेरणीची, निम्म्या झाडांना फूल दिसल्याची आणि काढणीची. सोबत उत्पादन लिहावे. तीन वर्षे हे केले की आपल्या जमिनीत, आपल्या वाणाला कोणती तारीख मानवते हे कुणाला विचारावे लागणार नाही. दिवसमान आपल्या हाती नाही, ते सूर्याच्या हाती आहे. पेरणीची तारीख मात्र बहुतांशी आपल्या हाती आहे, आणि जवसाच्या बाबतीत अर्धे पीक त्या तारखेतच असते.